आभाराचं कडवं

पुण्यात एखादं काम चार जणांनी मिळून केलं की त्याला 'सहनिर्मिती' म्हणतात आणि त्यावर एक चर्चासत्र घेतात. भंडारा जिल्ह्यात त्याला काहीच म्हणत नाहीत, कारण तिथे चार जणांशिवाय काही होतच नाही. आपल्याकडच्या बहुतेकांचा विदर्भ नागपूरच्या विमानतळावर संपतो. त्याच्याही पलीकडे माणसं राहतात, जेवतात, गातात आणि आपल्याला हसतात, हे ज्यांना पाहून यायला जमलेलं नाही त्यांच्यासाठी हा वृत्तान्त.

आम्ही गेलो होतो एका समूहगानाच्या नाटकासाठी. पन्नास गळे, तीन वाद्यं आणि विषय एक तळं. नाटकाचं नाव 'पाळ'. तळ्याचं पाणी अडवून धरणारा मातीचा बांध म्हणजे पाळ. संगीत आणि दिग्दर्शन निखिलचं. निखिल परदेशात समूहगायन शिकून आला आहे आणि तेव्हापासून कुठलंही गाणं एकाच सुरात ऐकलं की त्याच्या अंगावर पित्त उठतं. शब्द माझे. आमच्या घरी गोष्टींची पुस्तकं कमी आणि वडिलांच्या चळवळीची पत्रकं जास्त होती. मी अक्षरं गिरवली तीच मुळी 'जाहीर निषेध' या शब्दांवर. त्यामुळे तळ्यावर लिही म्हटल्यावर मी कमळं आणि बगळे लिहिणार नव्हते. तळ्याचा गळा कोणी दाबला, ते लिहिणार होते. उरलेले दोन सहनिर्माते आम्हाला तिकडे जाऊन भेटायचे होते. जाहिरातीत निखिलने त्यांना 'स्थानिक लोककलावंत' असं एकत्र गुंडाळून टाकलं होतं.

वरठी

स्टेशनच्या पाटीवर 'भंडारा रोड' लिहिलंय, गाव मात्र वरठी आहे आणि भंडारा अजून पुढे. निखिलने उतरल्या उतरल्या विचारलं, "मग पाटीवर वरठी का नाही लिहीत?" हा प्रश्न त्याने आम्हाला घ्यायला आलेल्या तुळशीराम मास्तरांना, म्हणजे आमच्या तिसऱ्या सहनिर्मात्याला, विचारला होता. मास्तर म्हणाले, "तुमच्या नाटकाच्या जाहिरातीत आमचं नाव काहून नाई लिव्हलं? तसंच आहे जी ते." आणि हसत हसत निखिलची सगळ्यात जड पेटी उचलून चालायला लागले.

बाहेर पोलादाच्या कारखान्याची पाळी सुटली होती. मोटरसायकली आणि सायकली यांचा लोंढा आमच्या दोन्ही बाजूंनी वाहत होता. निखिलला त्यात ताल सापडला. त्याने फोन काढून तो ध्वनिमुद्रित केला. एका सायकलवाल्याने थांबून विचारलं, "काय हरवलं का, भाऊ?"

तुळशीराम मास्तर शाळेत मास्तर नव्हेत. ते गावच्या नाटकमंडळाचे प्रॉम्प्टर आहेत. या झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या पूर्वेकडच्या भागात, दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. नटांना तालमीला वेळ नसतो. रंगमंचाच्या पुढ्यात, पेटीवाला आणि तबलजी बसतात त्याच खड्ड्यात, प्रॉम्प्टर बसतो आणि पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत अख्खं नाटक खालून सांगतो. राजा, राणी, खलनायक सगळे त्याच्या तोंडाकडे बघून बोलतात. आपल्याकडे ज्याला दिग्दर्शक, लेखक, संपादक आणि देव अशा चार जागा लागतात, ते सगळं तिथे एका खड्ड्यात मावतं.

"माझ्या नाटकात प्रॉम्प्टर नसेल," निखिल जीपमध्ये म्हणाला. "सगळं पाठ हवं."

"हो जी," मास्तर म्हणाले. पुढे मला कळलं की या जिल्ह्यात 'हो जी'चा अर्थ 'तुम्ही म्हणा, आम्ही ऐकून घेतलं' एवढाच असतो.

सानगडीच्या आत

साकोलीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या बांध्या. बांधी म्हणजे धानाचं वाफ्यासारखं शेत. चारही बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध. धान निघून गेलं होतं आणि त्याच ओलीवर लाखोरी उगवून आली होती, निळसर फुलांची. आणि तळी. आमच्याकडे टँकर येतो त्या वेळेला इथल्या माणसाला एक तळं संपून दुसरं लागलेलं असतं. मी आमच्या दुष्काळी तालुक्यातली. मला तो सरळसरळ माज वाटला.

सानगडीच्या बाजारात वांगी घ्यायला मास्तर उतरले, आणि तिथून थोडं आत आमचं गाव. (नाव लिहीत नाही. का ते पुढे कळेल.) उतरलो ते कौसल्याबाईंच्या अंगणात. या आमच्या चौथ्या सहनिर्मात्या. पन्नाशीच्या, उंच, कपाळावर मोठं कुंकू, आणि आवाज असा की अंगणातल्या कोंबड्या शिस्तीत चालतात. रोवणीला, म्हणजे चिखलात धान लावताना, बायकांच्या रांगेत गाणं उचलायचं ते यांनीच. यांच्यानंतर दुसरीने सुरुवात केलेली त्यांना खपत नाही आणि यांच्याआधी सुरुवात करायची कोणाची हिंमत नाही. निखिलने त्यांना वाकून नमस्कार केला आणि सांगितलं की त्यांच्या आवाजात मातीचा गंध आहे.

"मातीचा?" त्या म्हणाल्या. "आंघोळ करून आली न मी."

जेवायला भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी, वाळवलेले झिंगे आणि माठावर भाजलेली लांब पोळी. पोळी एवढी पातळ आणि लांब की निखिलने ती आधी मांडीवर घेतली. शाकाहारी असल्याचं त्याने झिंग्यांचा दुसरा घास खाल्ल्यावर जाहीर केलं. "कांदा हाये तो," कौसल्याबाईंनी त्याला धीर दिला. त्याने तिसरा घासही खाल्ला.

तालीम

समाजमंदिराच्या ओट्यावर पन्नास जण जमले. तीस बायका, बाकीचे पुरुष. निखिलने प्रत्येकाचा गळा तपासून चार गट पाडले: वरचा, मधला, त्याच्या खालचा आणि तळाचा. हे करायला त्याला अख्खी सकाळ लागली. गट मोडायला चहा होईस्तोवरचा वेळ पुरला. खालच्या सुराच्या गटात त्याने एका बाईला तिच्या भासऱ्याशेजारी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशेजारी, उभं केलं होतं. ती पदर ओढून खाली बसली ती उठेना. दुसरी आपल्या जावेला सोडून जाईना, कारण जाऊबाई चुकतात कुठे ते तिलाच माहीत. तिसरीचं म्हणणं, समोरच्या गटात तिचा व्याही आहे, त्याच्या तोंडाकडे बघून ती 'साजणा' म्हणणार नाही.

"पण हे सुरांवरून ठरतं!" निखिल रडकुंडीला आला.

"सूर काय, इकडून तिकडे करता येते, भाऊ," कौसल्याबाई म्हणाल्या. "भासरा करता येते का?"

मग गट नात्यांवरून पडले. मी या सरंजामी प्रकारावर दोन शब्द बोलायला उभी राहिले होते. भासरेबुवांनीच माझ्यासाठी खुर्ची आणली, त्यामुळे मला बसावं लागलं. आणि त्या गटांनी गायला सुरुवात केली तेव्हा, खरं सांगते, मी खुर्चीत सरळ झाले. शास्त्राप्रमाणे ते चार सूर नव्हते. कदाचित सात असतील. पण बाजूच्या झाडावरचे पोपट उडाले.

पाठांतराचं म्हणाल तर पहिल्या तीन दिवसांत कोणाचीही एकही ओळ पाठ झाली नाही. चौथ्या दिवशी निखिलने हात टेकले आणि मास्तर खड्ड्यात उतरले.

पाट

त्या दुपारी कौसल्याबाईंनी मला तळं दाखवायला नेलं. पाळीवरून चालताना मी पाहिलं, हिवाळ्याच्या मानानेही पाणी फार खाली होतं. तळ्यात पाणी येतं डोंगराकडून, एका जुन्या पाटाने. त्या पाटावरून, पाटात मुरूम दाबून, एक नवा रस्ता गेलेला होता. रस्त्याच्या त्या टोकाला धानाचं गोदाम. रस्त्याखाली पाणी जायला जागाच ठेवलेली नव्हती. पावसाचं पाणी रस्त्याला अडून बाजूच्या नाल्याला लागतं आणि निघून जातं. तळं अर्धंच भरतं. गेल्या पावसाळ्यात तळ्याखालच्या शेवटच्या बांध्यांत पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावायला तयार होते आणि चिखल करायला पाणी नव्हतं.

"त्या बांध्या कोणाच्या?"

"माह्या. अन् आपल्या गाण्यातल्या बारा बायांच्या." त्यांनी पडीक तुकड्यांकडे हात केला. "यंदाही रोवणा नाई झाला, त मंग आम्ही गानं कायच्यात म्हनाचं? समाजमंदिरात?"

गोदाम रामेश्वरभाऊंचं. रामेश्वरभाऊ गावातलेच, धानाचे व्यापारी. आमच्या प्रयोगाचा मांडव त्यांचा, माइक त्यांचे, कलाकारांचं जेवण त्यांचं आणि प्रमुख पाहुणेही तेच. निखिलला हे माहीत होतं. 'स्थानिक आश्रयदाते' हा शब्द त्याने जाहिरातीत ठळक टाकला होता. बायकांनी त्यांना रस्त्याखाली पाइप टाकायला दोनदा सांगितलं होतं. "पाहू," ते म्हणाले होते.

मी परत येऊन ओट्यावर बसले आणि एका बैठकीत कडवं लिहिलं. वडिलांना वाचून दाखवलं असतं तर त्यांनी लगेच छापायला नेलं असतं.

पाट गाडला, रस्ता केला,
तळ्याचा श्वास कोंडून नेला,
नाव सांगा, नाव सांगा,
कोणी आमचा घास पळवला?

निखिलने ते वाचलं आणि त्याचा चेहरा मांडव कोसळल्यासारखा झाला. "ताकद आहे," तो म्हणाला. "पण कलाकृतीचा अवकाश जरा... आणि ते समोर बसलेले असणार गं!"

"म्हणूनच."

मी निर्धास्त होते, कारण कौसल्याबाई माझ्या बाजूला होत्या. बांधी त्यांची होती. त्यांना मी मोठ्याने वाचून दाखवलं.

"हे गानं हाये का नोटीस?" त्या म्हणाल्या.

"बाई, तुमच्या हक्काचं आहे हे."

"हक्काचंच हाये. पन मी नाई म्हनत."

मी बोलले. खूप बोलले. भीती, गुलामी, मौन म्हणजे संमती. घरातली सगळी पत्रकं एकामागून एक बाहेर काढली. शेजारच्या बायका शेंगा सोलता सोलता ऐकत होत्या. एकीने मध्येच मला पाणी दिलं.

"झालं?" कौसल्याबाई म्हणाल्या. "आता ऐक. आम्ही हे म्हनलं त तो उठून जाईन. उठून गेलेल्या मानसाकून काम कसं करून घेशीन, सांग? तू त मे महिन्यातला नवतपा लागाच्या आधी पुन्याले राहशीन. आम्ही अन् तो रस्ता इथंच राहू."

"मग काय, त्यांची आरती करायची?"

"पाहू," त्या म्हणाल्या, हुबेहूब रामेश्वरभाऊंच्या आवाजात, आणि सगळा ओटा हसला.

मी रागाने मास्तरांकडे गेले आणि संहिता त्यांच्या हातात ठेवली. हे कडवं त्यातच राहील, मी लेखक आहे आणि एकही ओळ गाळायची परवानगी देत नाही, असं स्पष्ट सांगितलं.

"हो जी," मास्तर म्हणाले.

प्रयोग

प्रयोग दुपारी चारला होता. निखिलला कलत्या उन्हात वरून चित्रीकरण हवं होतं. ज्या मुलखात नाटक जेवणं उरकल्यावर सुरू होतं आणि कोंबड्यासोबत संपतं, तिथे दिवसाढवळ्या नाटक म्हणजे दिवसाढवळ्या चोरी. तरी गाव लोटलं. कोंढ्याकडचे कोणाचे तरी पाहुणेही आले होते आणि ते विचारत होते, "लावणी कितव्या अंकात आहे?"

रामेश्वरभाऊ पुढच्या सोफ्यावर. गोल चेहरा, पांढरे कपडे, चांगला हसरा माणूस. खलनायकाने एवढं हसू नये. लेखकाची पंचाईत होते.

पहिला भाग ठीक गेला. ड्रोन वर घोंघावला तेव्हा अख्ख्या गावाने नाटक सोडून मान वर केली, एवढंच. पन्नास गळे मास्तरांच्या तोंडाकडे बघत गात होते. मग तो प्रसंग आला: तळं मरतं. निखिलने तळं म्हणून एका तरुणाला निळं कापड पांघरून निजवलं होतं. आता माझं कडवं. मी मांडवाच्या खांबाला धरून उभी होते.

मास्तरांनी संहिता मांडीखाली घातली. पेटीवाल्याकडे बघून दोन बोटं वर केली. पेटीतून भलताच, उड्या मारणारा सूर निघाला.

आता इथे एक गोष्ट सांगावी लागेल. झाडीपट्टीच्या नाटकात कोणी प्रेक्षक खूश होऊन बक्षीस दिलं, की नाटक तिथल्या तिथे थांबतं. राजा मरत असला तरी थांबतो. देणाऱ्याचं नाव घेऊन, गाण्यात गुंफून, त्याचे आभार मानतात, लोक टाळ्या वाजवतात आणि मग राजा पुन्हा मरायला लागतो. आभार झाले म्हणजे दान झालं. कोणी मोजत नाही, कोणी पावती विचारत नाही. आणि आभार झाल्यावर 'मी दिलंच नव्हतं' असं म्हणणारा माणूस या भागात अजून जन्मला नाही, कारण त्याला नंतर इथेच राहायचं असतं.

कौसल्याबाई दोन पावलं पुढे आल्या. निळं कापड पांघरलेलं तळं उठून बसलं. आभाराच्या वेळी निजून राहणं बरं दिसत नाही.

ऐका मंडळी, ऐका आभार,
रामेश्वरभाऊचं मन उदार,
रस्त्याखाली पाइप टाकतो म्हनते,
पाटाचं पानी सोडतो म्हनते!

आणि पन्नास जणांनी 'टाकतो म्हनते' उचललं. चार गट, सात सूर, भासरा, जाऊ, व्याही, सगळे एका सुरात. गावाने टाळ्यांचा कडकडाट केला. मागून कोणीतरी ओरडलं, "वा रे भाऊ! मर्द!" रामेश्वरभाऊंनी आधी मागे वळून पाहिलं, बहुधा दुसरा कोणी रामेश्वर आहे का ते बघायला. मग त्यांच्या बायकोने, जी कौसल्याबाईंची मावसबहीण लागते, त्यांना कोपराने ढोसलं. ते उठले. हात जोडले. माइक त्यांच्यापुढे आला, आणि तो माइकही त्यांचाच होता.

"गावासाठी," त्यांनी घसा खाकरला, "गावासाठी एक पाइप म्हनजे काही..." कौसल्याबाईंनी ते तिथूनच उचललं.

एक पाइप म्हनते, ऐका जन,
पाऊस मोठा, पाइप दोन!

"दोन!" गाव म्हणालं.

"दोन," रामेश्वरभाऊ म्हणाले आणि बसले. टाळ्या. तळं पुन्हा आडवं झालं आणि उरलेला भाग नीट मेलं.

निखिल पडद्यामागे डोकं धरून बसला होता. "एका सुरात," तो पुटपुटत होता, "सगळं एका सुरात." पुण्यात पोचल्यावर त्याने याला 'प्रेक्षक आणि रंगमंच यांच्यातला जिवंत संवाद' असं नाव दिलं आणि पुढच्या प्रयोगांच्या संहितेत आभाराचं कडवं कायम केलं, दात्याच्या नावाची जागा रिकामी सोडून. पुण्यात त्या जागी कोणाचं नाव घालायचं यावर अजून बैठका चालू आहेत.

मी मात्र थेट खड्ड्याकडे गेले होते. "माझं कडवं?"

मास्तरांनी मांडीखालून संहिता काढली, झटकली आणि परत दिली. "जसंच्या तसं आहे जी. एक ओळ गाळली नाई."

पाटी

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवरून सिमेंटचे दोन पाइप आले. भाऊंनी लगेच आणले, कारण सकाळपासून भेटेल तो त्यांचं अभिनंदन करत होता आणि त्यांना ते आवडायला लागलं होतं. रस्ता खोदला गेला. मुरुमाखालून जुन्या पाटाची काळी माती वर आली तेव्हा कौसल्याबाई आणि त्यांच्या बारा जणी काठावर बसून पाहत होत्या. कोणी गात नव्हतं. एकीने उतरून पाइपातून पलीकडे वाकून पाहिलं आणि म्हणाली, "माही बांधी दिसते वो."

मग भाऊंनी तिथे पाटी लावायची टूम काढली. मला वाटलं, निदान याला तरी बाई नाही म्हणतील.

"लागलीच पायजे पाटी," त्या म्हणाल्या. "नाव लागलं का मानूस पाइप उपटून नेत नाई."

आणि मजकूर लिहायला गावात उपलब्ध असलेली लेखिका म्हणजे मी. 'जाहीर निषेध'वर अक्षरं गिरवलेल्या हाताने 'दानशूर' लिहायचं होतं. मी अट घातली. दानशूर लिहीन, पण वरची ओळ माझी: 'तळ्याचा जुना पाट या रस्त्याखाली बुजला होता.' त्याच्या खाली: 'तो दानशूर रामेश्वरभाऊ यांनी मोकळा केला.' बुजवला कोणी, ते वाचणाऱ्याने गोदामाकडे बघून ठरवावं.

भाऊंनी दोनदा वाचलं. "ते वरचं कायले पायजे?"

"मोकळा केला म्हटल्यावर आधी बुजलेला नको का, भाऊ?" मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बारा बायकांकडे, मग पाइपांकडे. "राहू द्या," म्हणाले. रंगारी लिहायला बसला.

लिहून झाल्यावर कौसल्याबाईंनी बोट फिरवत पाटी वाचली. "अन् आमचं?"

मी पाटी पुन्हा वाचली. आठवडाभर निखिलच्या जाहिरातीला नावं ठेवत होते आणि माझ्या मजकुरातही तीच जागा कोरी होती. रंगाऱ्याला खाली अजून दोन ओळी घ्यायला लावल्या. गाणं: कौसल्याबाई आणि बारा जणी, सगळ्यांची नावं. प्रॉम्प्टर: तुळशीराम. दोन पाइपांच्या पुलाला प्रॉम्प्टर असलेला मी तरी दुसरा पाहिलेला नाही. आणि एवढी नावं पाटीवर स्पष्ट आहेत म्हणूनच गावाचं नाव इथे लिहिलं नाही. वाचक जाऊन भाऊंचं अभिनंदन करतील आणि ते तिसरा पाइप टाकतील.

खाली थोडी जागा उरली होती. रंगाऱ्याने ब्रश तसाच धरून विचारलं, "म्याडमचं नाव टाकू का, बाई? शब्द म्हनून?"

कौसल्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. चेष्टा नव्हती, त्या खरोखर विचार करत होत्या.

"तुझं कडवं," त्या म्हणाल्या, "गायलं का कोनी?"

"नाही."

"मंग?"

रंगाऱ्याने ब्रश धुवायला पाटाकडे नेला आणि पाणी अजून आलेलं नाही हे लक्षात आल्यावर तो चड्डीला पुसला.